भजनाच्या रेकॉर्डिंगसाठी जुना लॅपटॉप आणि दोन हार्डडिस्क: पावसाळ्यातल्या नोंदी

16 जून 2024, रविवार

आमच्या वाडीतले बुवा आता 78 चे झाले. आवाज अजून काळी दोनला (पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला) लागतो पण गजर पूर्ण होईपर्यंत दम पुरत नाही. त्यांच्या रूपावलीच्या (देवाच्या रूपाचं वर्णन), गवळणींच्या जुन्या चाली नीट रेकॉर्ड केलेल्या कुठेच नाहीत, मोबाईलवर आहेत त्या सगळ्या झांजेखाली गाडलेल्या. गणपती 7 सप्टेंबरला, पखवाजवाला मुंबईवरून 4 ला येणार, म्हणजे खरं रेकॉर्डिंग 5 सप्टेंबरला आणि तोपर्यंत सगळी जुळवाजुळव. देवगड तालुक्यात असं कोणी करत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय, चुकांसकट.

हातात काय आहे: 2014 चा लॅपटॉप (आय फाईव्ह, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्डडिस्क, विंडोज 10), एक जुनी 1 टीबी एक्स्टर्नल ज्यात घरच्या कॅसेटवरून उतरवलेली जुनी भजनं आहेत, आणि साउंडवाल्या चुलतभावाचे माईक. लॅपटॉप चालू व्हायला साडेचार मिनिटं, घड्याळ लावून मोजलं.

23 जून

कणकवलीवरून 500 जीबीची एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क (3,100) आणि 8 जीबी रॅम (1,400) आणली. दुकानदाराने विचारलं रॅम डीडीआर थ्री का थ्री एल, मी म्हटलं काय फरक पडतो, तर पडतो, थ्री एल कमी व्होल्टेजवर चालते आणि माझ्या बोर्डाला तीच लागते. नशीब त्याने विचारलं. जायच्या आधी आतली जुनी रॅम काढून वरचं लेबल मोबाईलवर फोटो काढून न्या.

जुनी विंडोज क्लोन (जशीच्या तशी कॉपी) करायची नाही, नवीन टाकायची असं ठरवलं, दहा वर्षांचा कचरा परत कशाला न्यायचा. खालचे अकरा स्क्रू काढले, लावताना दहाच होते. अकरावा दोन दिवसांनी खळ्यात सापडला. आता चालू व्हायला 20 सेकंद.

30 जून

आठ माईक लागतात असा इंटरफेस (माईकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारा डबा) सेकंडहँड घेतला, 14,000. त्याला स्वतःचा अडॅप्टर आहे, यूएसबीवरून पॉवर घेत नाही, ही गोष्ट पुढे कामाला आली. बुवांना एक, पेटीला एक, पखवाजाला दोन, तबल्याला एक, कोरसला दोन, आणि एक समोर लांब. झांजेला माईक द्यायचाच नाही, ती सगळ्यांत आपोआप येते.

हिशोब करून ठेवला. 48 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 48,000 ठोके म्हणजे सँपल), 24 बिट असं एका माईकचं रेकॉर्डिंग मिनिटाला 8.64 एमबी खातं. आठ माईकचं तासाला 4 जीबीच्या थोडं वर. सेकंदाला बघितलं तर सव्वा एमबीसुद्धा नाही. म्हणजे जुन्या यूएसबी टू वरची साधी हार्डडिस्कसुद्धा हे सहज लिहू शकते. मी महिनाभर डिस्कच्या स्पीडची तुलना करत बसलो होतो ते सगळं फुकट, स्पीड हा प्रश्नच नव्हता. प्रश्न बाकीच्याच वस्तूंनी केले.

ड्रायव्हर (इंटरफेसची विंडोजशी ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) टाकला, बफर (लॅपटॉप एका वेळी किती ठोके गोळा करून पुढे नेतो तो आकडा) 128 केला कारण सगळीकडे तेच सांगतात, आणि पेटी वाजवून बघितली. दर थोड्या वेळाने चर्रर्र असा आवाज. भातात खडा लागतो तसा.

7 जुलै

आठवडा ह्या खड्यात गेला. केबल बदलली (240), पोर्ट बदलला, अँटीव्हायरसला रेकॉर्डिंगच्या फोल्डरमधून बाहेर काढलं, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स केला, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवायची सेटिंग) बंद केलं. थोडं कमी झालं पण गेलं नाही. मग लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं, ते कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते दाखवतं. त्यात दोन नावं वर आली, एक वायफायचं आणि एक एसीपीआय म्हणजे बॅटरी वगैरे बघणारं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन दोन्ही डिसेबल केली, वायफाय आणि बॅटरीच्या खालचं ते लांबलचक नावाचं कंट्रोल मेथड बॅटरी. खडखड बंद. एवढा आनंद झाला की आईला बोलावून पाच मिनिटं नुसती शांतता ऐकवली.

(ही नोंद नंतर वाचताना माझ्याच कानाखाली मारावीशी वाटते. 11 ऑगस्ट बघा.)

14 जुलै

नवीन 1 टीबी एक्स्टर्नल आली, 4,300. जुनी आणि नवीन दोन्ही एका चार पोर्टवाल्या साध्या हबवर लावल्या. जुनी चालली, नवीन टक्-टक्-टक् करून गायब. परत लावली, परत टक्-टक्. डिस्क खराब म्हणून परत पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात सहज ती एकटीच सरळ लॅपटॉपच्या निळ्या (यूएसबी थ्री) पोर्टला लावली तर शांतपणे चालू. यूएसबी टू चा पोर्ट 500 मिलीअँपिअर देतो, थ्री चा 900, आणि ह्या डिस्कला फिरायला सुरुवात करतानाच सगळ्यात जास्त करंट लागतो. त्या हबला स्वतःचा अडॅप्टर नव्हता, दोघी एकाच ताटात जेवत होत्या. अडॅप्टरवाला हब घेतला, 1,150. टक्-टक् बंद. डिस्कला शिव्या घालण्याआधी तिला पोटभर करंट मिळतोय का बघा.

फॉरमॅट, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची पद्धत, एनटीएफएस ठेवला. पेनड्राईव्हवाला फॅट 32 अजिबात नको, त्यात 4 जीबीच्या वर एक फाईल मावत नाही. एक्सफॅट मॅकवाल्यांशी देवाणघेवाण असेल तर, पण मध्येच केबल निघाली तर एनटीएफएस जास्त सांभाळून घेतं.

21 जुलै

सलग पाऊस. डाव्या बाजूचा यूएसबी पोर्ट हलवला की इंटरफेस गायब होतो. टॉर्च मारून बघितलं तर आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर. समुद्र घरापासून चारशे मीटरवर आहे, आमच्याकडे दाराच्या कड्या गंजतात तिथे हा पोर्ट किती टिकणार. लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ केला, तासभर सुकवला. चालला. कॉन्टॅक्ट क्लीनर 250 ला आणून ठेवला.

डिस्का आणि केबली आता तांदळाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात, तांदूळ काढून, सिलिका जेल घालून (150). निळे दाणे दहा दिवसांत गुलाबी झाले. ते गरम केले की परत निळे होतात म्हणून मी आईचा भाकरीचा तवा घेतला, आणि जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण तिचं बरोबर होतं, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, जेवणाच्या भांड्यात ते दाणे तापवू नका. आता पत्र्याचं एक झाकण त्यासाठी वेगळं ठेवलंय. आणि डिस्क डब्यातून काढली की लगेच लावायची नाही, अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्यायची.

4 ऑगस्ट

बुवांबरोबर पहिली ट्रायल. पडवीत बसलो तर पत्र्यावरचा पाऊस पखवाजापेक्षा मोठा. माजघरात हललो. वर लाकडी माळा आणि माळ्यावर पेंढा असल्यामुळे तिथे पाऊस नुसता लांबून घुमल्यासारखा येतो. पुण्यामुंबईचे लोक ह्याच कामाला भिंतीवर फोम लावतात.

रेकॉर्डिंग थेट नव्या एक्स्टर्नलवर ठेवलं होतं. पहिला अभंग व्यवस्थित. मग चहा झाला, गप्पा झाल्या, कोणाच्या आंब्याला यंदा काय भाव मिळाला ते झालं. बुवांनी डोळे मिटून आलाप सुरू केला, मी बटण दाबलं, आणि स्क्रीन गोठली. सहा-सात सेकंद काही नाही. डिस्क झोपली होती आणि आता उठून फिरायला लागत होती. आलापाची सुरुवात गेली. बुवांनी एक डोळा उघडला.

"काय रे, मशीन निजलां काय तुझां?"

विंडोजमध्ये ठरावीक मिनिटांनी हार्डडिस्क बंद करायची सेटिंग असते, ती शून्य म्हणजे कधीच नाही अशी केली. पण काही एक्स्टर्नलच्या डब्यातच स्वतःचा झोपायचा टायमर असतो, तो विंडोजचं ऐकत नाही, माझी तशीच निघाली. तेव्हा पद्धतच बदलली. रेकॉर्डिंग आतल्या एसएसडीवर, बाहेरच्या डिस्का फक्त कॉपीसाठी. सगळे उलटं सांगतात, की सिस्टीमची डिस्क वेगळी आणि रेकॉर्डिंगची वेगळी, पण ते फिरत्या डिस्कांच्या काळातलं आहे, आठ माईकला एक एसएसडी पुरून उरते.

11 ऑगस्ट

हा दिवस सविस्तर लिहितो.

श्रावणातला रविवार, मंडळ पूर्ण, फक्त मुख्य पखवाजवाला नाही, त्याच्या जागी पुतण्या. इंटरफेस इन्व्हर्टरच्या पॉईंटवर लावला, कारण लाईट गेली तर तो लगेच बंद पडेल. लॅपटॉप साध्या पॉईंटवर, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे. विचार बरोबर वाटतो की नाही? मलाही वाटला होता.

संध्याकाळी सातला सुरू केलं. बुवा त्या दिवशी वेगळेच लागले होते. रूपावली झाली, अभंग झाला, मग जी गवळण ते गेली पंधरा वर्षं म्हणाले नव्हते ती त्यांनी स्वतःहून काढली, कोरसमधल्या निम्म्या पोरांना ती माहीतच नव्हती, ती नुसती ऐकत बसली. मग गजर. गजराची लय चढली, टाळ उभे राहिले, आणि लॅपटॉपची स्क्रीन काळी.

झालं असं की मध्येच कधीतरी लाईट गेली होती. माजघरातला बल्ब आणि पंखा इन्व्हर्टरवर, त्यामुळे कोणाला कळलंच नाही. लॅपटॉप बॅटरीवर गेला, बॅटरी दहा वर्षांची, आणि मी 7 जुलैला बॅटरी बघणारा ड्रायव्हरच बंद करून ठेवला होता. म्हणजे खाली टक्केवारी नाही, सूचना नाही, संपत आल्यावर विंडोज आपोआप सेव्ह करून झोपते तेही नाही. चर्रर्र आवाज घालवायला मी घरातला राखणदार कुत्राच बांधून ठेवला होता.

बुवांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पेटीचा भाता लावला, पाणी प्यायले, मग म्हणाले, "परत म्हणूक आता गळो खंय आसा?"

रात्री लॅपटॉप चालू केला. आठ फाईली होत्या. एकही उघडेना.

12 ते 14 ऑगस्ट

पण प्रत्येक फाईलची साईज 395 एमबी दिसत होती. विंडोज एमबी 1024 च्या पटीत मोजते, त्या हिशोबाने 48 मिनिटांचं 24 बिट रेकॉर्डिंग बरोबर तेवढंच होतं. म्हणजे आवाज आत आहे, फक्त फाईलच्या तोंडाशी "मी एवढी लांब आहे" हे जे लिहायचं असतं ते शेवटी लिहितात आणि त्याआधीच लॅपटॉप बंद पडला. हे लक्षात आल्यावर रात्री अडीचला उठून बसलो.

आधी आठही फाईलींची कॉपी दुसऱ्या डिस्कवर, मूळ फाईलींना हात लावायचा नाही. मग ऑडेसिटी हे आवाजाचं फुकट सॉफ्टवेअर उघडून त्यात इंपोर्ट, रॉ डेटा. एन्कोडिंग साइन्ड 24 बिट, बाईट ऑर्डर लिटल एंडियन, चॅनेल मोनो, सँपल रेट 48000. आणि स्टार्ट ऑफसेट, म्हणजे फाईलच्या सुरुवातीचे किती बाईट सोडून वाचायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. शून्य ठेवलं तर हेडफोनमध्ये असा खरखराट आला की कान बधिर झाले (आवाज कमी करून ठेवा आधी). 1 केलं, परत खरखराट. 2 केलं, आणि बुवांचा खाकरण्याचा आवाज आला.

कारण सोपं आहे. 24 बिट म्हणजे एका ठोक्याला (सँपलला) तीन बाईट. पहिल्या बाईटची मोजणी चुकली की प्रत्येक ठोका मागच्याचा तुकडा आणि पुढच्याचा तुकडा असा वाचला जातो. 0, 1, 2 ह्यातला एक आकडा बसणारच. सुरुवातीला टक् असा एक आवाज येतो, तो कापून टाकायचा. स्टिरिओ फाईल असेल तर 0 ते 5 बघायला लागेल.

आठही फाईली मिळाल्या. शेवटची सात-आठ सेकंदं नुसती शांतता, म्हणजे गजराचं टोक नाही. गवळण पूर्ण आहे. आणि एक गंमत, 31 व्या मिनिटाला सगळ्या माईकमध्ये बारीक घर्रर्र सुरू होते. तीच लाईट गेल्याची वेळ, आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याची घरघर इंटरफेसमध्ये उतरली. तिथून 17 मिनिटं बॅटरी टिकली. गवळण नेमकी 33 ला सुरू होते, म्हणजे पूर्ण गवळणीखाली इन्व्हर्टर तानपुरा धरून बसलाय. 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीत कापून थोडी काढली, जास्त काढली तर पखवाजाचा धुमा (डाव्या बाजूचा खर्ज) पातळ होतो.

18 ऑगस्ट

बॅटरीचा ड्रायव्हर परत चालू केला, वायफाय बंदच ठेवलं. बफर 128 वरून 1024 केला. चर्रर्र नाही. तीन तास चालवून बघितलं, एकदाही नाही.

म्हणजे काय, तर मुळात मला 128 ची गरजच नव्हती. कमी बफर त्याला लागतो जो हेडफोनमधून स्वतःचाच आवाज कॉम्प्युटरमधून फिरून ऐकत गातो. भजनी मंडळी समोरासमोर मांडी घालून बसतात, ह्यांच्या कानाला कोणी हेडफोन लावणार नाही, लावला तर पेटीवर ठेवून देतील. 1024 ला आवाज 21 मिलीसेकंद उशिरा येईना का, ऐकतोय कोण. दुसऱ्याच्या कामाची सेटिंग आपल्या कामाला लावली आणि दीड महिना गेला.

लॅपटॉपला नवी बॅटरी, 2,200. आणि साध्या पॉईंटवर एक झिरोचा बल्ब लावून ठेवलाय, तो विझला की लाईट गेली.

25 ऑगस्ट

वाटलं होतं आता चुका संपल्या.

कॉपीसाठी एक छोटी बॅच फाईल (डबल क्लिक केलं की चालणारी आज्ञांची यादी) केली होती, रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा, पहिल्या एक्स्टर्नलवरून दुसऱ्यावर, म्हणजे विंडोज डिस्कांना अक्षरं देते त्यातल्या ई वरून एफ वर, स्लॅश एमआयआर लावून. एमआयआर म्हणजे मिरर, समोरच्या बाजूला जे जास्तीचं असेल ते पुसून टाकतो. आज भाच्याने बारशाचे फोटो बघायला पेनड्राईव्ह लावला आणि तसाच ठेवला. त्याला ई अक्षर मिळालं. मग मी पहिली एक्स्टर्नल लावली, तिला एफ, दुसरीला जी. बॅच फाईलवर डबल क्लिक केलं आणि चहा घ्यायला गेलो. आलो तेव्हा बारशाचे फोटो माझ्या पहिल्या डिस्कवर उतरत होते आणि तिथली सगळी भजनं पुसून झाली होती.

दुसऱ्या डिस्कला 'जी' अक्षर मिळाल्यामुळे ती वाचली, कॅसेटवरची जुनी भजनं तिच्यावर सुखरूप. गवळणीच्या फाईलीही होत्या, हे बघेपर्यंत हात गार. गेल्या त्या फक्त ह्या आठवड्यातल्या दोन तालमी, ज्या मी एसएसडीवरून जागा करायला उडवल्या होत्या. डिस्क लगेच काढली, काहीही लिहू दिलं नाही, फोटोरेक हे पुसलेल्या फाईली शोधणारं सॉफ्टवेअर चालवून दुसरीकडे फाईली काढल्या. नाव फोटोचं पण आवाजाच्या फाईलीही काढतं. फिरती डिस्क असल्यामुळे मिळाल्या, एसएसडीवर पुसलेलं असं बहुतेक हाती लागत नाही. पण नावं सगळी गेली, नुसते आकडे, दोनशे चाळीस फाईली एकेक ऐकून ओळखायच्या. दोन रात्री.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्ही डिस्कांना आर आणि एस ही अक्षरं कायमची दिली, पेनड्राईव्ह तिथपर्यंत पोचत नाही. दोन्हींवर एकेक रिकामी खुणेची फाईल ठेवली, ती दिसली तरच बॅच फाईल पुढे जाते. आणि एमआयआर काढून नुसता स्लॅश ई, हा कॉपी करतो, पुसत काही नाही. जुनं पडून राहील तर राहू दे.

1 सप्टेंबर

रंगीत तालीम. काही बिघडलं नाही. विंडोजचं अपडेट पॉज केलं. इथपर्यंतचा खर्च 26,790, त्यात 240 ची केबल उगाच.

5 सप्टेंबर, गुरुवार

पखवाजवाला आला, पावसाने पखवाजाचं पान (चामडं) उतरलं होतं म्हणून अर्धा तास नुसतं ठोकत आणि कणीक लावत बसला, तेवढ्यात मी लेव्हल लावून घेतल्या. सगळ्यात जोराचा गजर वाजवायला लावून त्याच्यावर अजून जागा राहील अशा, उणे 12 डेसिबलच्या आसपास. 24 बिटला हळू रेकॉर्ड झालं तर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

साडेतीन तास रेकॉर्डिंग, साडेचौदा जीबी. प्रत्येक भजनाला वेगळी फाईल, थांबलो की सेव्ह. मध्ये दोनदा लाईट गेली, झिरोचा बल्ब विझला, मी हात वर केला, मंडळी थांबली, तंबाखू झाली, आली की पुढे. बुवांनी ती गवळण परत म्हटली नाही. मी विचारलं नाही.

रात्री आर वर कॉपी, मग एस वर, दोन्हीकडच्या फाईली उघडून शेवटची दहा सेकंदं ऐकली. मग झोपलो.

19 सप्टेंबर

एस डिस्क पखवाजवाल्याबरोबर कोकणकन्या एक्सप्रेसने मुंबईला गेली, सिलिका जेलच्या पुडीसकट, मोदकांच्या डब्यात. समुद्रापासून चारशे मीटरवर दोन्ही डिस्का ठेवण्यात अर्थ नाही. आर इथे तांदळाच्या डब्यात.

काल बुवांना मोबाईलवर गवळण ऐकवली. पूर्ण ऐकली, खाली घरघर चालू होती ती त्यांना बरोबर कळली. म्हणाले, "ह्यो सूर कोणी धरलो? पांढरी एकच्या खाली जाता." मी इन्व्हर्टरकडे बोट दाखवलं.

राहिलेली कामं: डावा पोर्ट परत हलतोय, बदलायला कोल्हापूरला पाठवायला लागेल. मिक्सिंग दिवाळीपर्यंत.